ओतशाळेतला अर्ल

१३ एप्रिल १८४२ च्या रात्री नऊ वाजता आयर्लंडमधल्या पार्सन्सटाउन गावात तीन टनांहून जास्त धातू वितळून तयार झाला होता. जहागीरदाराच्या किल्लेवजा वाड्यालगत तीन भट्ट्या धगधगत होत्या. त्यांत जळत होतं ते आसपासच्या दलदलीतून कापून, वाळवून रचून ठेवलेलं पीट. गावातल्या चुली ज्यावर पेटत तेच सरपण. प्रत्येक भट्टीत ओतीव लोखंडाची एक अगडबंब मूस होती. यारीनं या मुशी एकेक करून उचलल्या, साच्याभोवतीच्या लोखंडी चौकटींत बसवल्या आणि इशारा होताच तिन्ही एकदम कलत्या केल्या. धातूचा लोट साच्यात पडला, क्षणभर हिंदकळला आणि स्थिर झाला. आर्मा वेधशाळेचे प्रमुख थॉमस रॉम्नी रॉबिन्सन हा सोहळा पाहायला मुद्दाम आले होते. या दृश्यानं ते इतके भारावले, की वर्णन लिहिताना त्यांच्यातल्या शास्त्रज्ञावर कवीनं मात केली.

ओतलं जात होतं ते दुर्बिणीच्या आरशाचं थाळं. व्यास ७२ इंच, म्हणजे पुरुषभर. त्याआधी जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीचा आरसा ४८ इंचांचा होता आणि तो विल्यम हर्शेलनं १७८९ मध्ये इंग्लंडमध्ये स्लाउ इथं उभा केला होता.

धातू आळून लाल थाळं झालं, की खरी कसोटी सुरू होई. ते रुळांवरून ओढत, आधीच तापवून ठेवलेल्या भट्टीत सरकवायचं, तोंड बंद करायचं आणि सोळा आठवडे तिकडे फिरकायचं नाही. घाई केली तर कडा आधी निवते, मधला भाग गरम राहतो आणि त्या ताणानं थाळं तडकतं. चार महिन्यांनी भट्टी उघडल्यावर आत आरसा आहे की तुकडे, हे कळणार. एका ओतकामात भागलं नाही. पुन्हा पुन्हा ओतावं लागलं, तेव्हा कुठे प्रत्येकी तीन टनांहून जास्त वजनाचे दोन आरसे हाती आले. दोन अशासाठी, की धातूचा आरसा दमट हवेत काळवंडतो. एक दुर्बिणीत असताना दुसऱ्याला नव्यानं झिलई द्यायची आणि मग अदलाबदल करायची. आयर्लंडच्या हवेत ही सोय चैनीची नव्हती.

हे सगळं करणारा माणूस होता विल्यम पार्सन्स, रॉसचा तिसरा अर्ल. १८०० साली यॉर्कला जन्मला. गावाला नाव त्याच्याच घराण्याचं होतं. आज त्या गावाला बर् म्हणतात. शाळेत तो कधी गेला नाही, वाड्यातच शिकला. पुढे डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज आणि मग ऑक्सफर्ड. तिथून गणितात पहिल्या वर्गाची पदवी १८२२ मध्ये घेतली. पदवी हाती येण्याआधीच तो पार्लमेंटचा सभासद झालेला होता, कारण त्या काळी घराण्याला जागा असे आणि जागेला घराणं. १८३४ पर्यंत तो निवडून येत राहिला आणि मग राजकारणातून बाजूला झाला. सरदार माणसानं घोडे पाळावेत, शिकार करावी, लंडनमध्ये एखादं घर ठेवावं, अशी रीत होती. या गृहस्थानं वाड्याच्या खंदकात ओतशाळा काढली. त्याच्याविषयी एक किस्सा सांगतात. एका कारखान्यात तो यंत्रं बघत हिंडत होता. मालकाला याच्या प्रश्नांतून कळलं, की माणूस जाणकार आहे. हा लॉर्ड असल्याचं ठाऊक नसल्यानं मालकानं त्याला सरळ मुकादमाची नोकरी देऊ केली. किस्सा खरा असो नसो, पदव्यांपेक्षा हा मान रॉसला जास्त आवडला असता, असं त्याची कागदपत्रं वाचताना वाटतं.

हर्शेल दुर्बिणी विकत असे आणि त्यावर त्याची बरीच कमाई होती. त्यामुळे आरसा घासण्याची आणि घडवण्याची आपली रीत त्यानं जगाला सांगितली नाही. चाळीस वर्षांनंतर त्याच कामाला लागलेल्या रॉसला सगळं मुळापासून करावं लागलं. त्याला विकायचं काही नव्हतं, म्हणून लपवायचंही काही नव्हतं. १८२८ पासून तो आपले प्रयोग, फसलेले धरून, छापत गेला आणि १८४० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यानं सगळी कृती तपशीलवार मांडली. यात उदारपणा होता तसाच ऐपतीचाही भाग होता. खंड गोळा करून जगणाऱ्याला गुपितं राखायची गरज पडत नाही.

धातूचं गणित असं होतं. दोन भाग तांबं, एक भाग कथील, असं ढोबळ प्रमाण. आपल्या काशातही हीच जोडी, पण काशात कथील बरंच कमी, म्हणून काशाचं ताट पडलं तरी वाजतं आणि टिकतं. आरशासाठी कथील वाढवत नेलं, की धातू चांदीसारखा पांढरा होतो, चकाकी उत्तम धरतो आणि त्याच मापानं ठिसूळ होतो. ठोकला तर फुटतो, एका बाजूनं ऊन लागलं तरी फुटू शकतो. हर्शेलनं मोठ्या आरशासाठी तांबं वाढवून ही अडचण टाळली आणि चकाकी गमावली. रॉस हट्टाला पेटला होता, त्याला चकाकी सोडायची नव्हती. आधी त्यानं लहान लहान तुकडे पितळेच्या पाठीवर डाखून ३६ इंचांचा आरसा केला. तो चालला, पण तुकड्यांच्या सांध्यांपाशी प्रकाश विस्कटायचा. मग साच्याचा तळच त्यानं बदलला. लोखंडी पट्ट्या उभ्या, एकमेकींना चिकटून बांधल्या आणि त्यांचा तळ केला. पट्ट्यांच्या फटींतून वायू निसटे, धातू मात्र निसटत नसे. थंड लोखंडाला टेकलेला खालचा थर आधी आळे आणि मग थंडी क्रमानं वर चढे, त्यामुळे ताण कमी होई. या युक्तीवर ३६ इंचांचा अखंड आरसा उतरला आणि ७२ इंचांची हिंमत आली.

घासायला वाफेचं इंजिन होतं. आरसा पाण्याच्या टाकीत ठेवून संथ फिरवायचा, म्हणजे घर्षणानं तापून त्याचा आकार बिघडणार नाही. तीन फुटी आरशाच्या वेळची परीक्षा तर बघण्यासारखी असे. यंत्र वाड्याच्या मनोऱ्याच्या बरोबर खाली बसवलेलं होतं. मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्याच्या तक्तपोशीत झडपा केल्या होत्या आणि माथ्यावर उंच डोलकाठीला घड्याळाची तबकडी टांगलेली होती. झडपा उघडायच्या आणि आरसा यंत्रावरून न हलवताच त्यात तबकडीवरचे आकडे बघायचे. आकडे स्वच्छ दिसले तर काम थांबवायचं, फिकट दिसले तर झडपा लावून पुन्हा घासायला घ्यायचं.

हे सगळं गावच्या माणसांनी केलं. लंडनहून कारागीर आले नाहीत. जहागिरीवरचे लोहार, सुतार आणि मजूर रॉसनं हाताशी धरून शिकवले आणि त्याच माणसांनी तेव्हाच्या जगातला सर्वांत अवघड आरसा घडवला. खर्च मात्र खंडाच्या उत्पन्नातून सगळा भागण्यासारखा नव्हता. १८३६ मध्ये रॉसचं लग्न यॉर्कशरच्या मेरी फील्डशी झालं. ती मोठ्या मालमत्तेची वारस होती आणि दुर्बिणीचा बराच भार तिच्या पैशानं उचलला. ती नुसती पैसा आणणारी नव्हती. लोहारकाम तिला येत होतं, वाड्याच्या लोखंडी फाटकांची घडण तिची, आणि पुढे छायाचित्रणात तिनं नाव काढलं. आयर्लंडच्या छायाचित्रण संस्थेनं १८५९ मध्ये कागदी निगेटिव्हसाठी तिला रौप्यपदक दिलं.

आता या आरशाला नळी हवी आणि नळीला आधार. नळी झाली सुमारे ५४ फूट लांबीची, लाकडी फळ्या जोडून वरून लोखंडी पट्टे आवळलेली, थेट दारूच्या पिंपासारखी. आतून ती सात फुटांहून रुंद होती. जॉर्ज पीकॉक नावाचे ईली इथले धर्माधिकारी डोक्यावर उघडी छत्री धरून तिच्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. ते गणितज्ञही होते, तेव्हा व्यासाची खात्री करून घेण्याची ही पद्धत त्यांना शोभणारी म्हणायची. नळीच्या दोन्ही बाजूंना सुमारे ७० फूट लांब आणि ५० फूट उंच दगडी भिंती उभ्या केल्या आणि वाड्याशी मेळ बसावा म्हणून त्यांना किल्ल्यासारखे कंगोरे काढले. लोकांनी या प्रकाराला नाव दिलं लेव्हायथन, बायबलमधल्या सागरी राक्षसाचं.

राक्षस बांधून ठेवलेला होता. भिंतींच्या मधल्या खिंडीत नळी वर-खाली हवी तितकी होई, पण आडवी जेमतेम पंधरा अंश. म्हणजे तारा मध्यमंडलाजवळ, आकाशातल्या दक्षिणोत्तर रेषेजवळ, येण्याची वाट बघायची आणि आला की तासाभरात काय ते उरकायचं. निरीक्षणाला चार माणसं लागत. एक नळी वर-खाली करणाऱ्या रहाटावर, दुसरा तिला पूर्व-पश्चिम सरकवायला, तिसरा निरीक्षकाचा सज्जा हलवायला आणि चौथा दिवे सांभाळायला. खुद्द निरीक्षक जमिनीपासून चार-पाच मजले उंच, अंधारात, कठड्याला रेलून नळीच्या कडेच्या भिंगातून बघत असे. आणि एवढा जामानिमा करून आकाश उघडं असलं पाहिजे. मध्य आयर्लंडच्या दलदलीत ते क्वचितच उघडं असे. जगातली सर्वांत मोठी दुर्बीण उभारायला याहून वाईट जागा शोधूनच काढावी लागली असती. पण जहागीर तिथं होती, म्हणून दुर्बीणही तिथं.

फेब्रुवारी १८४५ मध्ये रॉबिन्सन आणि लंडनचे खगोलनिरीक्षक जेम्स साउथ हे दोघे पहिल्या निरीक्षणासाठी येऊन बसले. कित्येक रात्री ढगच. मार्चमध्ये आकाश मोकळं झालं, तेव्हा दोघांनी एकामागून एक तेजोमेघ पाहिले आणि बहुतेकांत तारेच तारे दिसतात असं जाहीर केलं. सप्तर्षींच्या शेपटाशी, मरीचीच्या जवळ, श्यामशबल या तारकासमूहात एक फिकट ठिपका आहे. चार्ल्स मेसिएच्या यादीत त्याचा क्रमांक ५१. तोही त्यांनी बघितला आणि पुढे गेले.

एप्रिलमध्ये त्याच ठिपक्याकडे रॉसनं दुर्बीण वळवली आणि त्याला वळसे दिसले. मध्यापासून निघून बाहेर उलगडत जाणारे तेजाचे दोन पट्टे, आणि एक पट्टा शेजारच्या लहान ठिपक्यापर्यंत पोहोचलेला. विल्यम हर्शेलचा मुलगा जॉन यानंही हा ठिपका पाहिला होता. त्याला मधल्या तेजाभोवती एक दुभंगलेलं कडं दिसलं होतं. रॉसनं दिव्याच्या मंद उजेडात, भिंगाला डोळा लावून आणि काढून, चित्र काढलं. ते चित्र त्याच वर्षी जूनमध्ये केंब्रिजला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात हातोहात फिरलं. जॉन हर्शेल तिथं होता आणि त्यानं त्याचं मनापासून स्वागत केलं. आजच्या छायाचित्राशेजारी ते चित्र ठेवलं तर वळसे जिथले तिथे आहेत. दोन अनुभवी निरीक्षकांना त्याच आरशात जे दिसलं नाही, ते रॉसला का दिसलं? माझं मत असं, की ते दोघे तारे मोजायला बसले होते. त्यांना एका वादाचा निकाल लावायचा होता. रॉसला निव्वळ आपला आरसा काय दाखवतो ते बघायचं होतं.

वाद असा होता. काही तेजोमेघ खरोखरचे धुरकट वायूचे असतात आणि त्यातूनच सूर्य व ग्रह घडतात, असं फ्रेंच गणितज्ञ लाप्लासच्या मतावरून मांडलं जात होतं. ग्लासगोचे प्राध्यापक जॉन निकोल यांनी ते लोकप्रिय पुस्तकांतून घरोघरी नेलं होतं. रॉबिन्सन हे धर्मोपदेशक आणि पक्के परंपरावादी. सृष्टी आपोआप घडत जाते, हा विचारच त्यांना घातक वाटे. दुर्बीण पुरेशी मोठी केली की प्रत्येक तेजोमेघ ताऱ्यांत सुटा होईल, ही त्यांची खात्री होती. कस लागणार होता तो मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर. मार्च १८४६ मध्ये रॉसनं निकोलना कळवलं, की तो ताऱ्यांत सुटा होतोय याबद्दल आपल्याला फारशी शंका उरलेली नाही. निकोल यांनी जाहीरपणे हार मानली.

आणि ते चूक होतं. १८६४ मध्ये लंडनच्या एका उपनगरात विल्यम हगिन्सनं आठ इंची दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला आणि कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश तपासला. ताऱ्यांसारखा अखंड पट्टा येण्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा आल्या. वायू होता तो. लवकरच मृगातल्या तेजोमेघाचंही तेच निघालं. आठ इंचांनी बहात्तर इंचांना खोटं पाडलं. रॉस आणि रॉबिन्सन या दोघांना ज्या जागी तारे हवे होते, त्या जागी डोळ्यांनी ते आणून ठेवले होते. मात्र सर्पिल तेजोमेघांच्या बाबतीत रॉबिन्सन यांचा हट्ट नशिबानं बरोबर ठरला. ते ताऱ्यांचेच बनलेले आहेत आणि आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे आहेत, हे १९२० च्या दशकात एडविन हबलनं दाखवलं.

पण १८४५ च्या वसंतातून पुढे जाताना शरद ऋतू ओलांडावाच लागतो. सप्टेंबरमध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. कुळांच्या पोटात दुसरं काही नसे. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली, तितकीच देश सोडून गेली. ज्या खंडातून दुर्बीण उभी राहिली, तो याच बटाट्यावर जगणाऱ्या कुळांकडून येत होता. रॉसनं नव्या दुर्बिणीचं काम जवळजवळ थांबवलं आणि उत्पन्नातला मोठा हिस्सा मदतीला लावला. मेरीनं वाड्याभोवती खंदक आणि तटबंदीची कामं काढून शेकडो माणसांना मजुरी दिली. आजही त्या बांधकामाकडे बघताना कळतं, की त्याची गरज कोणत्याही शत्रूमुळे नव्हती. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, याच रॉसनं १८४७ मध्ये आयर्लंडच्या स्थितीवर पत्रं लिहून छापली आणि त्यात तो जमीनदार म्हणूनच बोलतो. लोकसंख्या जमिनीला झेपत नाही, हे त्याचं निदान होतं. जमीन कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याच्या चरित्रकारांना पहिली बाजू सांगायला आवडते. दोन्ही त्याच्याच आहेत.

१८४८ नंतर निरीक्षणं पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी रॉस रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि सहा वर्षं ते पद त्यानं सांभाळलं. वेळ कमी पडू लागला, तसे तरुण साहाय्यक नेमले. त्यातला जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी पुढे इलेक्ट्रॉन हे नाव देणारा म्हणून प्रसिद्ध झाला. आणखी सर्पिल सापडत गेले. चित्रं मात्र हातानंच काढावी लागत. घरात पदकविजेती छायाचित्रकार, अंगणात जगातली सर्वांत मोठी दुर्बीण, आणि दोघांची गाठ पडणं अशक्य. साखळ्या-रहाटांवर चालणारी नळी ताऱ्याच्या मागे एकसारखी, न थरथरता जाऊ शकत नव्हती आणि अंधुक तेजोमेघाचं चित्र घ्यायला दीर्घकाळ स्थिर नजर लागते. मेरीनं म्हणूनच दुर्बिणीचे फोटो काढले, दुर्बिणीतून नव्हे.

१८६७ मध्ये रॉस वारला. थोरला मुलगा लॉरेन्स यानं ३६ इंची दुर्बिणीनं चंद्राकडून येणारी उष्णता मोजली. धाकट्या भावांनी वाफेवर चालणारी एक गाडी बनवली. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी तीत बसून जाताना नात्यातली मेरी वॉर्ड वळणावर बाहेर फेकली गेली आणि चाकाखाली येऊन मेली. सूक्ष्मदर्शकावर लिहिणारी, उत्तम चित्रं काढणारी ही बाई. लेव्हायथनची बांधणी चालू असतानाची तिची रेखाटनं आहेत. स्वयंचलित वाहनाच्या अपघातात गेलेल्या सुरुवातीच्या माणसांत तिचं नाव घेतलं जातं. १८७४ ते १८७८ या काळात डेन्मार्कचा योहान ड्रेयर तिथं साहाय्यक होता. तेजोमेघांच्या नोंदी चाळता चाळता त्याला सूचीचा नाद लागला आणि १८८८ मध्ये त्यानं सात हजारांहून अधिक तेजोमेघ आणि तारकागुच्छांची नवी सूची छापली. खगोलशास्त्रज्ञ आजही तिचेच क्रमांक वापरतात.

लेव्हायथन मात्र मागे पडला. काचेवर चांदीचा मुलामा देऊन हलके आरसे होऊ लागल्यावर धातूच्या थाळ्यांना कोण विचारणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नळी खाली उतरवली, एक आरसा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गेला. त्याच्याहून मोठा आरसा १९१७ मध्ये अमेरिकेत माउंट विल्सनवर बसला. १९९० च्या दशकात नळी आणि भिंती दुरुस्त झाल्या, ॲल्युमिनियमचा नवा आरसा बसवला आणि आता ती पाहायला पर्यटक जातात.

रॉसचा सर्वांत धाकटा मुलगा चार्ल्स वाड्यातल्या त्या ओतशाळेत खेळत वाढला. त्यानं १८८४ मध्ये वाफेची टर्बाइन बनवली आणि १८९७ मध्ये आपली टर्बिनिया नावाची बोट राणीच्या आरमारासमोरून अशी पळवली, की पाठलागाला निघालेल्या नौका मागेच राहिल्या. म्हातारपणी, १९२५ मध्ये, त्यानं डब्लिनमध्ये सुरू झालेला ग्रब यांचा दुर्बिणीचा कारखाना विकत घेतला. याच ग्रबनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची वीस इंची दुर्बीण बनवली होती. प्राध्यापक नायगमवाला यांनी ती चालवली, वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाइकनालला गेली आणि कित्येक वर्षं भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण राहिली. ग्रब-पार्सन्स हा कारखाना १९८० च्या दशकात बंद झाला. त्यानं घडवलेली शेवटची मोठी दुर्बीण कॅनरी बेटांवर आहे, ४.२ मीटर आरशाची, आणि तिला नाव दिलं आहे विल्यम हर्शेलचं.